पडला नाय, पाडला

त्या सकाळी मी मालवणच्या बाजारात बांगड्याच्या वाट्यावरून मासेवालीशी हुज्जत घालत होते. फोन वाजला, नवऱ्याचा. "मावशी उठणा नाय," तो म्हणाला. मी म्हटलं, "मग हलव वायच, चाय दी." तो म्हणाला, "हलवलंय गो. थंड लागता." मी फोन ठेवला, ठरल्या दरात बांगडे घेतले आणि रिक्षात बसले. अर्ध्या वाटेत डोक्यात प्रकाश पडला की सुतकाच्या घरात आता हे बांगडे खाणार कोण. पिशवी रिक्षावाल्याला दिली. तो खूश झाला. इंदूमावशी असती तर म्हणाली असती, "माझ्या मरणान कोणाच्या तरी घरात कालवण झाला मां? मगे झाला तर."

त्याला आता काही आठवडे झाले. मी खानावळ चालवणारी बाई, लिहिणं हा माझा धंदा नव्हे. पण समाचाराला आलेली गावाकडची एक बाई ओसरीवर बसून, मी दिलेला चहा पीत पीत म्हणाली, "घर पडल्यापासना खचलीच ती," आणि माझं टाळकं सरकलं. तिला चहा संपवू दिला, पोचवायला फाटकापर्यंत गेले नाही. त्या एका शब्दासाठी हे लिहिते आहे. घर पडलं नव्हतं.

इंदूमावशी माझ्या आईची धाकटी बहीण. आजोबांना दोन मुलीच, मुलगा नाही. आई लग्न होऊन मालवणात आली. मावशीला देवगडकडे दिली आणि ती वर्षाच्या आत माहेरी परतली. का, ते तिने कधी सांगितलं नाही. कोणी फारच खोदून विचारलं तर म्हणायची, "थंयचो भात माका पचूक नाय." आमचं आजोळ आचऱ्याच्या पुढे, खाडी आणि समुद्राच्या बेचक्यातलं छोटं गाव. सुरूच्या बनामागे चिऱ्याचं, नळ्यांच्या छपराचं घर. तिथे राहून तिने आजी-आजोबांचं सगळं केलं, अंथरुणातलं हागणं-मुतणं काढलं, दोघांना पोचवलं आणि मग त्याच घरात एकटी राहिली. कोंबड्या पाळायची, आमसुलं घालायची, कुळीथ भरडायची. जीभ अशी की गावातले पुरुष तिच्या पाणंदीतून जाताना खाकरून, पदर सावरल्यासारखं धोतर सावरून जायचे. माझ्या लग्नात नवऱ्याला आपादमस्तक न्याहाळून एवढंच म्हणाली, "बरो आसा. आवाज नाय करणा." तो अजूनही आवाज करत नाही.

आता घराचं सांगते, कारण सगळं तिथेच आहे. सातबाऱ्यावर जमीन होती वसंतामामाच्या नावाने. वसंतामामा म्हणजे आईचा आणि मावशीचा चुलतभाऊ. आजोबा गेले तेव्हा 'मुली परक्या घरच्या' म्हणून गावाच्या रीतीने सगळं पुतण्याकडे गेलं. कायदा काय म्हणतो ते विचारायला तेव्हा कोणी तालुक्याला गेलं नाही. मावशीजवळ चिठोरंसुद्धा नव्हतं. तिच्याजवळ होतं ते राहणं. भिंती उभ्या आहेत, चुलीतून धूर निघतो आहे आणि आत इंदूबाय आहे, तोवर तिला बाहेर काढणं कोणाच्या बापाला शक्य नव्हतं. हे तिला कळत होतं आणि वसंतामामालाही.

मामा ठाण्याला इमारती बांधतो. तोंडात साखर. आमच्या किनाऱ्याला पर्यटक यायला लागले आणि सुरूच्या बनामागच्या त्या जमिनीवर त्याचा एकदम जीव जडला. दर गणपतीत मावशीला साडी आणायचा. "बाय, ठाण्याक चल. तुका फ्लॅटात ठेवतंय. लिफ्ट आसा." मावशी साडी ठेवून घ्यायची आणि म्हणायची, "लिफ्टात कोंबडी चलतली?" तो हसायचा. पण त्याचं हसणं बघून तिने एक नेम करून घेतला. घर सोडून एक रात्रही बाहेर काढायची नाही. परतल्यावर दाराला दुसरंच कुलूप दिसलं तर काय करायचं? माझ्या लग्नात अक्षता पडल्या आणि ती दुपारच्या एस.टी.ने परत गेली. आई अखेरच्या दुखण्यात होती तेव्हा रोज सकाळी यायची, पेज भरवायची, दुपारी जायची. आई गेली ती संध्याकाळी, "इंदू खंय?" असं विचारत. मला तेव्हा मावशीचा फार राग आला होता. थोडा अजून आहे.

एकच गोष्ट तिला घराबाहेर काढू शकत होती, ती म्हणजे देव. आमच्याकडे काही गावांत गावपळण असते. काही वर्षांनी एकदा देवाचा कौल घेतात आणि देवाने हो म्हटलं की सगळा गाव, म्हातारेकोतारे, पाळण्यातली पोरं, गुरं, कोंबड्या, कुत्री, सगळे तीन दिवस तीन रात्री वेशीबाहेर जातात. गावात चूल पेटत नाही, कोंबडा आरवत नाही, माणसाचं पाऊल पडत नाही. त्या दिवसांत देव आपल्या परिवारासकट गावात उतरतो आणि गाव झाडून स्वच्छ करतो अशी श्रद्धा. दारांना कुलपं लावत नाहीत, नुसती कडी. देवाची राखण असताना कुलूप लावणं म्हणजे देवाला चोर म्हणणं. आणि गावात काही आवाज झाले, तर तिकडे बघायचं नाही, बोलायचं नाही. वर्तमानपत्रवाले, टीव्हीवाले येतात, आमच्या गावाचं कौतुक करतात. चोरी नाही, मारी नाही. अभिमान मलाही होता.

मागच्या गावपळणीत मावशी निघाली ती नेहमीसारखीच. टोपलीखाली कोंबड्या, डोक्यावर वळकटी. अंगण झाडलं, कडी घातली, दाराला हात लावून नमस्कार केला. गाव वेशीबाहेरच्या सड्यावर, वरच्या कातळाच्या माळावर, माडाच्या झापांच्या झोपड्या करून राहिला होता. वसंतामामा खास कामं टाकून ठाण्याहून आलेला, मावशीच्या शेजारच्याच झोपडीत. सगळ्या गावाच्या डोळ्यांदेखत दिवसभर पत्ते कुटत बसलेला. दुसऱ्या दिवशी मी वडे-सागोती घेऊन गेले. पाहुण्यांना सड्यावर यायला बंदी नसते. मजा चालली होती, खरं सांगते. भजनं, गप्पा, पोरांचा कालवा. मावशीला इतकी मोकळी मी कधी पाहिली नव्हती. घर राखायचं ओझं तीन दिवस तिने देवाच्या खांद्यावर दिलं होतं.

दुपारी पंगत बसली आणि खालून, गावाच्या बाजूने आवाज आला. आधी लांबलचक गुरगुर, मग धडाड… मग पुन्हा गुरगुर. सगळ्यांचे हात ताटातच राहिले. गावाचे थोरले मानकरी दाजी, देवापुढे गाऱ्हाणं घालण्याचा मान त्यांचा, ते हळूच म्हणाले, "थंय बघू नकात कोणी. देव फिरता." माणसं माना खाली घालून जेवायला लागली. मावशीने मात्र ताट बाजूला सारलं, हात धुतला, उठून गावाकडे पाठ फिरवून उभी राहिली, म्हणजे बघितल्याचा दोष नको, आणि डोळे मिटून हात जोडले. "म्हाराजा," ती म्हणाली, "माझ्या घराकडे वायच लक्ष ठेव." तिच्या बाजूला वसंतामामाही उठून उभा राहिला. त्यानेही हात जोडले.

चौथ्या दिवशी देवाने परतायचा कौल दिला. मी मुद्दाम गेले होते, मावशीचं सामान उचलू लागायला. पाणंदीच्या वळणावरून सुरूचं बन दिसतं आणि बनाच्या फटीतून छपराचा कोना. तो दिसला नाही. मावशी चालत राहिली. अंगणात आली. टोपली खाली ठेवली. समोर चिऱ्यांचा आणि फुटक्या नळ्यांचा ढीग होता, त्यातून वासे वर आलेले. जिथे दार असायचं तिथे ती गेली आणि उंबरठा ओलांडायला पाय उचलावा तसा पाय उचलला. खाली काहीच नव्हतं. पाय नुसता मातीत पडला.

मागून गाव जमा झाला. दाजी पुढे आले, ढिगाकडे बघितलं आणि म्हणाले, "जुन्यो भिंती. पडला." मी म्हटलं, "दाजी, आणि हे काय?" रस्त्यापासून अंगणापर्यंत तांबड्या मातीत जेसीबीच्या चाकांचे वळ गेले होते, हातभर रुंद, आंधळ्यालाही पायाने कळावेत असे. दाजींनी ते पाहिले. मग माझ्याकडे बघत, अगदी सावकाश, चपलेने ते वळ मोडायला लागले. त्यांच्यामागून आणखी दोघंतिघं पुढे झाले. कोणी कोणाला काही सांगितलं नाही. पोटाशी मूल धरलेली एक बाईसुद्धा पायाने माती सारत होती.

मी भांडले. किती भांडले ते गावाला विचारा. पण त्यांचं गणित सरळ होतं. जेसीबी आला असेल तर गावपळणीत गावात माणूस शिरला. माणूस शिरला असेल तर गावपळण मोडली. मोडली असेल तर देवाचा कोप, आणि तो एकट्या वसंतावर नाही, गावातल्या पोराबाळांवर, होड्यांवर, गुरांवर. शिवाय देशभर ज्या गावाचं नाव झालं त्याचं हसं. त्यापेक्षा एका परतून आलेल्या बाईचं जुनं घर आपोआप पडलं, हे सगळ्यांच्या सोयीचं होतं. त्यांची भीती खरी होती, ढोंग नव्हतं. म्हणूनच मला त्यांची जास्त किळस येते. गाव करील ते राव काय करील म्हणतात ना, ते मी त्या अंगणात उभं राहून बघितलं. आणि मशीन चालवणारा? तो परगावचा असणार. त्याला गावपळण काय नि कौल काय, कोणीतरी सांगितलं घर रिकामं आहे, पाड.

त्याच दिवशी देवळात गाऱ्हाणं झालं. परतल्यावर ते होतंच. सगळा गाव सभामंडपात, तिथल्या नव्या लाद्या वसंतामामाने बसवून दिलेल्या. दाजी देवासमोर उभे राहून एकेक वाक्य म्हणतात आणि प्रत्येक वाक्याला गाव एका आवाजात "व्हय म्हाराजा" म्हणतो. ज्यांनी कोकणातलं गाऱ्हाणं ऐकलं नाही त्यांना कसं सांगू… ते 'व्हय' कोणी विचार करून म्हणत नाही. आईच्या कडेवर असल्यापासून ते तोंडात बसलेलं असतं. दाजींचा श्वास थांबला की आपला 'व्हय' निघतो.

"बा देवा म्हाराजा, तुझी लेकरा-बाळा, गुरा-ढोरा सुखान घराक परातली…"

"व्हय म्हाराजा."

"काय चुकला-माकला आसात ता पोटात घाल…"

"व्हय म्हाराजा."

"आमच्या इंदूबायचा घर ह्या दिवसांत पडला, ती तुझी इच्छा म्हणान गावान मानून घेतली…"

"व्हय म्हाराजा."

"ह्येच्यापुढे त्येचा कोणी तोंड काढूचा नाय. काढल्यान, तर त्येका तू बघून घे…"

"व्हय म्हाराजा."

मी एकदाही 'व्हय' म्हटलं नाही. पण माझ्या कानाशी, चारही वेळा, सगळ्यात खणखणीत आवाज आला तो मावशीचा. चौथ्यांदा म्हणून झाल्यावर तिचं तोंड तसंच उघडं राहिलं. तिने हाताने ते झाकलं. दाजींनी वळून तिच्याकडे पाहिलं आणि अंगाऱ्याचं बोट पुढे केलं.

दुसऱ्या दिवशी मी तिला ओढत पोलिसांकडे नेलं. तिथले साहेब सभ्य होते, शुद्ध मराठीत बोलले. "गाव रिकामं होतं म्हणता, मग साक्षीदार कोण?" मी म्हटलं, चाकांचे वळ. "आता आहेत का?" आता नव्हते. मग त्यांनी तिलाच विचारलं, "आजी, तुम्ही सांगा. घर पडलं की पाडलं?" मावशी जमिनीकडे बघत होती. मी तिला कोपराने ढोसलं. ती म्हणाली, "साहेब, माका इचारू नकात. मी देवासमोर व्हय म्हटलंय." बाहेर येऊन मी तिला रस्त्यात शिव्या घातल्या. म्हटलं, "देवाक कळणा नाय की तोंडातून नुसतो निघालो तो?" ती म्हणाली, "देवाक कळला आसात, गो चेडवा. पण तो कोणाक सांगाक येवचो नाय."

मग ती आमच्याकडे राहिली, खानावळीच्या मागच्या खोलीत. कांदे चिरायची, नारळ खवायची, गिऱ्हाइकांना नावं ठेवायची. सुंभ जळला तरी पीळ गेला नव्हता. घराबद्दल मात्र मरेपर्यंत एक अक्षर बोलली नाही, देवाला घाबरून. पण शब्दच तो, दुसरीकडून बाहेर यायचा. परसात नारळ पडला असं कोणी म्हटलं की आतून आवाज, "पडला नाय, पाडला. वांदरान." हातून ग्लास पडला म्हटलं की, "पाडलंस म्हण." एका पर्यटकाने सहज विचारलं, आजी, आज मासळीचे भाव पडले का हो? तिने विळी थांबवली आणि म्हणाली, "भाव आपणहून पडतत काय? कोणीतरी पाडता." त्याला वाटलं म्हातारी विनोदी आहे. आम्हीही हसायचो. मग हसणं बंद झालं, कारण तिच्या चेहऱ्यावर कधीच हसू नसायचं.

तिकडे त्या जमिनीवर चिऱ्यांच्याच, पण टाइल्स लावलेल्या खोल्या उभ्या राहिल्या. वसंतामामाने पाटी लावली 'बायचा घर'. मुंबईपुण्याचे लोक तिथे फोटो काढतात. नाव असं का, म्हणून कोणी विचारलं तर तो सांगतो, इथे आमच्या बहिणीचं जुनं घर होतं, पडलं बिचारं. हे मला आमच्याकडे जेवायला आलेल्या एका जोडप्याने कौतुकाने सांगितलं. मावशी तिथेच लसूण सोलत होती. तिने सोललेला लसूण पुन्हा सालीत टाकला आणि उठून आत गेली.

जाण्याच्या आदल्या दिवशी तिच्या छातीत कळा येत होत्या. डॉक्टर म्हणाले, ओरोसला जिल्ह्याच्या इस्पितळात न्या, आत्ताच. गाडी दाराशी आली. ती खाटेचा दांडा धरून बसली. "सगळी येतास? मगे घरात कोण रवतला?" मी म्हटलं, "अगो, ह्या माझा घर आसा, कोण पाडूचो नाय." ती म्हणाली, "माका पण तसाच वाटला होता." आम्ही तिला उचलून नेणार होतो, तर तिने असा काही हंबरडा फोडला की ड्रायव्हरच मागे सरला. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. कळा थांबल्या म्हणाली. मी तिच्या उशाशी बसले होते. ती कूस बदलून दाराकडे तोंड करून झोपली आणि सकाळी मी बाजाराला गेले.

तिला अग्नी दिला तो वसंतामामाने. माझा मुलगा तयार होता, पण दाजी म्हणाले, माहेरचा पुरुष असताना भाचीच्या मुलाने कशाला? मामा ठाण्याहून गाडी मारत आला, मडकं खांद्यावर घेतलं आणि ढसाढसा रडला. खरं रडला, मी जवळून बघितलं. ज्या गावात तिला राहू दिलं नाही, त्या गावच्या मसणात तिला जागा मिळाली. तीही मोठ्या मानाने.

दहाव्याला खाडीच्या काठावर मी गेले. बायका सहसा जात नाहीत. मी गेले, कोणी अडवायची हिंमत केली नाही. भटजींनी पिंड मांडले. आता कावळ्याची वाट बघायची. मेलेल्याची काही इच्छा राहिली असेल तर कावळा शिवत नाही, हे तर पोरासोरांनाही माहीत. मग जिवंत माणसं हात जोडून एकेक कबूल करतात, तुझं हे करू, तुझं ते करू, आमची चूक झाली. मी त्या क्षणासाठीच गेले होते. वाटलं होतं, आता तरी मावशी अडून बसेल. दुपार होईल, ऊन चढेल, दाजी घामाघूम होतील, मामाचे पाहुणे खोल्यांवर खोळंबतील, आणि शेवटी ह्या दोघांपैकी एकाला सगळ्यांदेखत तो शब्द काढावा लागेल, काना लावून. मनातल्या मनात मी तिला बजावत होते, मावशी, आज नाय म्हण. आज तोंड मिटून बस.

भटजी पिंडापासून दोन पावलं मागे सरले असतील नसतील. कावळा आला. पिंडावर बसला, चोच मारली, शीत उचललं. मागून दुसरा आला.

"सुटली," वसंतामामा म्हणाला आणि पंच्याने डोळे पुसले. "बायची काय एक इच्छा रवूक नाय."

"व्हय," दाजी म्हणाले. मागची चारपाच माणसंही म्हणाली, "व्हय."

मी म्हटलं, "मामा, कावळ्याक भूक लागलेली."